ड्रायव्हरसाठी निवडलेली सिगार

मुरबाडहून निघून माळशेज घाट चढून पलीकडे जाणाऱ्या एसटीवर मी बरीच वर्षं कंडक्टर होतो, आणि त्यातली बहुतेक वर्षं माझा ड्रायव्हर एकच होता. आमच्याकडे कंडक्टरला 'मास्तर' म्हणायची पद्धत आहे, तसं तो मला म्हणायचा. मी त्याला 'पाव्हणं' म्हणायचो, कारण त्याची बायको आमच्या तानसाकडची, माझ्या गावाला लागून असलेल्या गावातली. तिला सख्खा थोरला भाऊ नव्हता, धाकटाच एक होता. त्यामुळे लग्नानंतर ती मुरबाडला राहायला आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात घरी येऊन मला 'दादा' म्हणाली, आणि मी दादा झालो.

पाव्हण्याला कसलंच व्यसन नव्हतं. आमच्या आगारात तंबाखू मळल्याशिवाय गाडीची चावी न फिरवणारे ड्रायव्हर होते, मी स्वतः खोकला जडेपर्यंत विड्या ओढलेला माणूस. तो मात्र शर्टाच्या खिशात बडीशेपेची पुडी ठेवायचा. चहासुद्धा अर्धाच कप घ्यायचा.

त्यांना मूल नव्हतं. आगारात कुणाच्या घरी बाळ झालं की पेढे यायचे. पाव्हणा पेढा घ्यायचा, सगळा खायचा, "गोड हाय" म्हणायचा आणि काच पुसायच्या फडक्याला हात पुसून गाडीत जाऊन बसायचा. असे पेढे त्याने किती वर्षं खाल्ले ते मी पाहिलं आहे.

टोकावड्याला एका ढाब्यावर आमची गाडी चहाला थांबायची. एकदा तिथे मुंबईचे एक वयस्कर गृहस्थ गाडी लावून बसले होते. त्यांना फोन आला. परदेशात त्यांच्या लेकीला मुलगी झाली होती. ते उठले, गाडीतून लाकडी डबी आणली आणि ढाब्यावर होते नव्हते तेवढ्या पुरुषांना एकेक सिगार वाटत सुटले. भजी तळणाऱ्यालाही दिली. पाव्हण्यापुढे आले तेव्हा तो म्हणाला, "मी ओढत नाय."

"मग ठेवून द्या. तुमच्या घरी बाळ होईल तेव्हा ओढा."

पाव्हण्याने हात जोडले आणि चहा तसाच टाकून गाडीत गेला. 

मग त्याच्या बायकोला दिवस गेले. डॉक्टरांचा सगळा खटाटोप थकून थांबवल्यावर. त्याने मला ते डिझेल भरताना सांगितलं, पंपाच्या आवाजात, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. तिला पाच महिने झाले तेव्हा एके दिवशी म्हणाला,

"मास्तर, पेढे तर वाटीनच. पन मला एक सिगार पायजे."

"पाव्हणं, तुमी ओढनार?"

"पेढे दुसऱ्यांचे लय खाल्ले. आपल्या येळेला कायतरी येगळं. टोकावड्यालाच बसून ओढू. तुमी आना, तुमाला त्यातलं कळतं."

मला विडीतलं कळत होतं. सिगार मी फक्त ढाब्यावर त्या दिवशी हातात धरली होती, आणि तीही आगारातल्या एकाला देऊन टाकली होती. पण नाही म्हणवेना. सुट्टीच्या दिवशी मुंबईला फोर्टात गेलो आणि विचारत विचारत एक जुनं दुकान गाठलं. काचेच्या कपाटांत सिगारी ओळीने निजवलेल्या होत्या. दुकानदार म्हातारा होता. मला बघून त्याला वाटलं, मी पत्ता विचारायला आलोय.

मी एका जाडजूड, काळपट सिगारीवर बोट ठेवलं. तिच्या कमरेला सोनेरी पट्टा होता. एवढ्या वर्षांनी येणाऱ्या पोरासाठी तीच शोभली असती.

"ओढणार कोण?" त्याने विचारलं.

"माझा ड्रायव्हर. कधी विडीसुद्धा ओढलेली नाही."

"मग ती नको. डोकं गरगरेल, उलटी होईल, आणि आयुष्यभर तुम्हाला शिव्या देईल."

त्याने दुसरी काढली. आखूड, करंगळीपेक्षा थोडी जाड, वरचं पान फिकट, वाळल्या गवताच्या रंगाचं. म्हणाला, पहिल्यांदा ओढणाऱ्याला हलकी आणि लहान द्यावी. अख्खी संपवता आली पाहिजे. अर्ध्यात टाकावी लागली की माणसाला आपण हरलो असं वाटतं. मग ती माझ्या हातात देऊन म्हणाला, दाबून बघा, हळू. ती किंचित दबली आणि परत वर आली. कानाशी धरून बोटांत फिरवायला लावली. आतून करकर आवाज आला तर ती सुकलेली समजायची. मी दोन-तीन फिरवून बघितल्या आणि जिच्यातून काहीच आवाज आला नाही ती घेतली.

"पोटभर जेवून ओढायची. आणि धूर गिळायचा नाही. तोंडात घ्यायचा, चव बघायची, सोडून द्यायचा. घाई करायची नाही." मग त्याने विचारलं, "कशासाठी आहे?"

मी सांगितलं. त्याने ती पिशवीत घालून पिशवीचं तोंड घट्ट बंद केलं आणि सुकू देऊ नका म्हणाला.

घरी मी ती स्टीलच्या डब्यात, ओल्या स्पंजच्या तुकड्याजवळ ठेवली. माझी बायको तेव्हा बाळासाठी दुपटी शिवत होती. ती म्हणाली, "ते तुमचं तंबाखूचं बाळाच्या कपड्यांजवळ ठेवू नका." म्हणून डबा फळीवर गेला. पाव्हणा अधूनमधून यायचा, डबा उघडायला लावायचा आणि नुसता वास घ्यायचा. एकदा त्याने ती न पेटवताच ओठांत धरली, गाल आत ओढले आणि मला विचारलं, "असंच ना? गिळायचं नाय?" माझी बायको पदर तोंडाला लावून हसत होती.

सातव्या महिन्यात पाव्हण्याच्या बायकोला माहेरी नेलं. शहापूरच्या दवाखान्यात नाव घातलं होतं. थंडीचे दिवस होते, घाटातलं गवत पिवळं पडलं होतं. एका सकाळी तिच्या भावाचा फोन आला, ताईला दवाखान्यात नेतोय, पण पहिली वेळ आहे, वेळ लागेल, घाई नको. पाव्हण्याने रजा पुढच्यासाठी राखून ठेवली होती. तो म्हणाला, ही एक फेरी करून येऊ आणि दुपारी तसाच शहापूरला जाईन.

गाडी चालवताना तो फोन माझ्याकडे देऊन ठेवायचा. त्याही दिवशी दिला. टोकावड्याला त्याने पूर्ण कप चहा घेतला. गाडी निघाली, घाटाच्या अलीकडे आम्ही थोडं पुढे आलो आणि फोन वाजला. मी मागच्या बाजूला तिकिटं काढत होतो.

"दाजी कुठं हायत?" तिचा भाऊ बोलत होता.

"गाडी चालवतायत. मी मास्तर. बोल."

त्याने आवाज खाली आणला. मग म्हणाला, "मुलगी झाली व्हती. नाय राहिली. ताई बरी हाय. दाजींना..." आणि तिथे रेंज गेली.

मी वर बघितलं. ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या आरशात पाव्हणा माझ्याकडे बघत होता. त्याने भुवया उडवल्या. तोंड आधीच हसायला आलेलं.

गाडी भरलेली होती. पुढे घाट होता. तिथेच गाडी थांबवून त्याला सांगितलं असतं, तर ती गाडी वर नेणारं दुसरं कुणी नव्हतं, आणि ते ऐकून त्याने ती नेली असती तर काय झालं असतं ते मला ठाऊक नाही. मी हात हलवला. अजून काही नाही, असा. त्याने मान डोलावली आणि गिअर टाकला.

घाटभर तो खुशीत होता. वळणावर हॉर्न नेहमीपेक्षा लांब वाजवायचा. त्याच्या डावीकडच्या सीटवर एक म्हातारी टोपली घेऊन बसली होती. तिला त्याने काहीतरी सांगितलं. म्हातारीने दोन्ही हातांनी त्याची अलाबला घेऊन कानशिलावर बोटं मोडली आणि टोपलीतली ओंजळभर बोरं त्याच्यासमोर ठेवली. मी मागे दांडा धरून उभा होतो. एक माणूस सुट्ट्या पैशांसाठी माझ्याशी भांडत होता, त्याला मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही.

पलीकडच्या स्टँडवर उतारू उतरले. मी पुढे जाऊन त्याच्या दाराशी उभा राहिलो.

"पाव्हणं, खाली या."

तो उतरला. मी सांगितलं. वाक्य मी घाटात तयार करून ठेवलं होतं, पण तोंडातून तिच्या भावाचंच वाक्य आलं. मुलगी झाली होती, नाही राहिली, ताई बरी आहे.

तो गाडीच्या पायरीवर बसला. मग विचारलं, "फोन कवा आला?"

"टोकावड्याच्या पुढे."

"घाटाच्या आधी."

"हो."

 स्टँडवरच्या साहेबांनी गाडीसाठी दुसरा ड्रायव्हर आणि कंडक्टर दिला. आमच्याच गाडीतून आम्ही दोघं उतारूंसारखे घाट उतरलो. तो खिडकीशी बसला होता. मुरबाडहून जीप करून शहापूरला पोचेपर्यंत ऊन कलायला आलं होतं. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मला बघून "दादा" एवढंच म्हणाली. बाळाला त्याच दिवशी तिच्या माहेरच्या शेतात पुरलं. माझ्या बायकोने शिवलेल्या दुपट्यात गुंडाळून पाव्हण्यानेच नेलं, दुसऱ्या कुणाच्या हातात दिलं नाही.

रजा संपल्यावर तो माझ्याच गाडीवर परत आला. काम चोख करायचा. पण फोन आता माझ्याकडे देत नव्हता, बंद करून पिशवीत ठेवायचा. आणि आरशात बघायचा नाही. पूर्वी मी नुसती मान हलवली तरी तो गाडी काढायचा. आता मला दर वेळी दोरी ओढून डबल बेल द्यावी लागायची. टोकावड्याला तो गाडीतून उतरायचा नाही.

एका सुट्टीच्या दुपारी तो घरी आला. चप्पल काढतानाच म्हणाला, "ती हाय का अजून?"

मी डबा खाली काढला. स्पंज मी ओला करत राहिलो होतो. का ते मला सांगता येणार नाही. फेकून द्यायला हात होत नव्हता, एवढं खरं.

"आज ओढायची?"

"तुमी इतक्या लांबून आनलीत."

"जेवलात का?"

"नाय."

"मग आधी जेवा. उपाशीपोटी नाय चालत."

माझ्या बायकोने काही न विचारता त्याला वालाचं बिरडं आणि भाकरी वाढली. तो जेवला. मग आम्ही परसात जाऊन बसलो. पेटवताना दोन काड्या वाया गेल्या, तिसरीला ती धरली. दुकानदाराने सांगितलं होतं तसं त्याने केलं, धूर तोंडात घेतला, धरला, सोडला. ठसका लागला नाही.

"कडू नाय," तो म्हणाला. "मला वाटलं कडू असंल."

"हलकी निवडली होती."

"बरी निवडलीत."

निम्मी झाली. मग सिगारीकडे बघत बोलला, "मास्तर, तुमी बरोबर केलंत. मी असतो तर मी पन तेच केलं असतं. मागं मानसं बसली व्हती."

मी वाया गेलेल्या काड्या गोळा करत होतो.

"पन मी त्या आजीला सांगितलं. तिची बोरं घेतली. घाट चढताना मी नाव ठरवत व्हतो. ती नव्हती, आन मी तिचं नाव ठरवत व्हतो." त्याने राख झटकली. "तुमच्यावर राग नाय माझा. राग असता तर बरं झालं असतं. तुमाला बघितलं की मला तो आरसा दिसतो, बस."

"मग?"

"मी दुसरी गाडी मागितलीय. किन्हवलीकडची."

"बरं," मी म्हणालो.   गाडी थांबवून मी त्याला रस्त्यात सांगायला हवं होतं असं मला आजही वाटत नाही, आणि म्हणून त्याची माफी मागायलाही मला जागा नाही.

त्याने सिगार बोटांना चटका बसेपर्यंत ओढली, सगळी. उठला, हातपाय धुतले, माझ्या बायकोला "येतो वैनी" म्हणाला आणि गेला. त्यानंतर तो आमच्या घरी आला नाही. आगारात समोर आला तर "काय मास्तर" म्हणतो, मीही "काय पाव्हणं" म्हणतो, आणि आम्ही आपापल्या गाडीकडे जातो. नवीन ड्रायव्हर चांगला आहे. तंबाखू खातो, खूप बोलतो.

त्यानंतरच्या भाऊबीजेला त्याची बायको येईल असं मला वाटलं नव्हतं. पण आली, एकटीच. ताट घेऊनच आली होती. अंगाने अर्धी झाली होती. मला ओवाळलं, नारळ दिला, माझ्या बायकोने तिला लुगडं दिलं. माझ्या बायकोने विचारलं, "पाव्हणं नाय आले गो?"

"ते गाडीवर गेलेत," ती म्हणाली.

ड्युटीचा तक्ता मी रोज बघतो. त्या दिवशी त्याची सुट्टी होती. मी ताटातल्या दिव्याकडे बघत राहिलो.

माझी बायको तिला जेवायला थांब म्हणाली, हात धरून म्हणाली. ती हात सोडवून घेत पिशवी उचलायला लागली. "नाय वैनी, उशीर व्हतोय. ते स्टँडवर वाट बघतायत." बोलून गेल्यावर तिला कळलं. तिने माझ्याकडे बघितलं, मी खिशातला रुमाल शोधत होतो.

एरवी मी तिला स्टँडपर्यंत सोडायला गेलो असतो. त्या दिवशी दारातूनच म्हणालो, "सांभाळून जा."

"हो दादा," ती म्हणाली, आणि उन्हातून डोक्यावर पदर घेऊन भरभर चालत गेली.