आधी धुणं दाखवा

वृद्धाश्रम पाहायला गेलेली माणसं काय पाहतात, ते एकदा मुद्दाम बघावं. बाग पाहतात. दारातल्या काचेच्या टाकीतले मासे पाहतात. भिंतीवरचा जेवणाचा तक्ता वाचून माना डोलावतात आणि बाहेर पडताना एकमेकांना सांगतात, जागा हवेशीर आहे हं. जणू तिथे राहायला कुंड्याच येणार आहेत. परीटघडीबाई मात्र आत शिरल्या की समोर जो कोणी असेल त्याला सरळ म्हणायच्या, "तुमचं धुणं कुठे होतं? आधी ते दाखवा."

परीटघडी हे अर्थातच त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. एका मोठ्या सरकारी इस्पितळाच्या धोबीखान्यात बाईंनी एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची बारा मुकादम म्हणून, आणि तिथल्या नर्सांनी हे नाव त्यांना चिकटवलं. आधी पाठीमागे, मग तोंडावर. बाईंना ते आवडायचं, पण तसं त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. दिवसाला आठ-नऊशे चादरी त्यांच्या हाताखालून जायच्या. चादर हातात आली की तिच्यावरचं माणूस किती दिवस पडून आहे, त्याला कुणी कूस बदलून देतंय की नाही, हे त्यांना समजायचं. एकदा त्यांनी चक्क एका डॉक्टरला धोबीखान्यात बोलावून घेतलं. एका खाटेच्या चादरीवर लागोपाठ तीन दिवस एकाच जागी, एकाच आकाराची ओल येत होती. "याला तीन दिवस कुणी हलवलेलं नाही," बाई म्हणाल्या. डॉक्टर आधी तडकला, मग वॉर्डाकडे पळाला. रुग्णाच्या पाठीला जखम धरायला लागली होती, ती वेळेवर सापडली. शाबासकी वगैरे कुणी दिली नाही. पण पुढे तो डॉक्टर जिन्यात भेटला की बाईंना वाट देऊन भिंतीला चिकटून उभा राहायचा.

अशा बाईवर स्वतःच्या बहिणीसाठी जागा शोधायची वेळ आली.

आई गेली तेव्हा बाई सहा वर्षांच्या होत्या आणि ताई पंधराची. ताईने धाकटीला वाढवलं, इतकं की लग्न होऊन गेली तेव्हा ट्रंकेबरोबर धाकटीलाही घेऊन गेली. नवरा लवकर वारला. मुलगा मोठा होऊन दुसऱ्या शहरात विमा कंपनीत लागला. उरल्या दोघी. ताईने उभा जन्म एका शिवणकारखान्यात काजं करण्यात घालवला होता. आता ती ऐंशीची होती आणि गेल्या चार वर्षांत एकेक गोष्ट तिच्या हातून निसटली होती. आधी महिने गेले, मग वार, मग गॅस बंद करायची आठवण, मग पोटच्या मुलाचा चेहरा. धाकटी तेवढी शिल्लक होती.

दुखण्याचं नाव डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवशी ताईला अजून सगळं उमजत होतं. घरी आल्यावर तिने एकच मागणं मागितलं होतं. "पुढे मला कुठे ठेवायचं ते तू ठरव. पण माझं गाठोडं करू नको. उचललं, इथून तिथे ठेवलं, असं." बाईंनी शब्द दिला होता. चार वर्षं त्यांनी तो डोळ्यांत तेल घालून पाळला. मग एकदा न्हाणीघरात ताईला सावरताना त्या स्वतःच पडल्या आणि उजवं मनगट मोडलं. हात प्लास्टरमध्ये असतानाच एका सकाळी ताई गाऊनवर घराबाहेर पडली. दोन तासांनी ती बंद पडलेल्या कारखान्याच्या फाटकाशी सापडली, आज उशीर झाला म्हणून रडवेली होऊन. बाई एकाहत्तरच्या. डॉक्टर म्हणाले, यापुढे माणूस उचलणं तुम्हाला जमणार नाही. घरी येऊन बाईंनी भाच्याला फोन केला.

भाचा पंधरा दिवसांची रजा टाकून आला. बरा मुलगा होता, फक्त त्याचा कागदावर फार विश्वास. त्याने सहा जागांचा तक्ता करून आणला होता आणि प्रत्येकीला चांदण्या दिल्या होत्या. शेजारीण दिवसभर ताईपाशी बसे आणि मावशी-भाचा गाडीतून हिंडत.

पहिल्या जागी धुणं बाहेर कंत्राटाने जायचं. बाईंनी ओसरीत बसलेल्या म्हाताऱ्यांकडे एक नजर टाकली. एकाची विजार घोट्याच्या वर होती, दुसऱ्याची टाचेखाली लोळत होती. "दुसऱ्याची विजार घालून बसलेल्या माणसाला तुम्ही त्याचं नाव विचारता, आणि सांगता आलं नाही तर वहीत लिहून ठेवता," बाई व्यवस्थापकाला म्हणाल्या. दुसऱ्या जागी त्या फाटकातूनच परत फिरल्या. इतकं फिनेल ओतलंय म्हणजे खाली काहीतरी दाबलंय, एवढंच म्हणाल्या.

तिसऱ्या जागेला तक्त्यात पाच चांदण्या होत्या. संगमरवरी जिना, खिडक्यांना पडदे, चाळीस खाटा आणि प्रत्येकीवर बर्फासारखी चादर. भाच्याचा जीव भांड्यात पडला. सोबतची मुलगी छान गोड बोलत होती. बाईंनी तिला विचारलं, रात्रीतून बदललेल्या ओल्या चादरी सकाळी किती निघतात? मुलगी अभिमानाने म्हणाली, जेमतेम दोन-तीन. भाच्याने लगेच टिपून घेतलं. बाईंचा चेहरा मात्र उतरला. विसरणारी चाळीस म्हातारी माणसं आणि चादरी तीन? मग बाकीच्या सदतीसांकडे रात्रभर कुणी बघतं की नाही?

धुण्याची खोली पाहू देईनात. बाईंनी प्लास्टरचा हात पुढे केला, इस्पितळातलं आपलं पद सांगितलं, शेवटी पाणी प्यायच्या निमित्ताने त्या आत शिरल्याच. टोपलीत चादरींखाली कापडाच्या लांब पट्ट्या होत्या, चार बोटं रुंद, दोन्ही टोकांना गाठी सोडल्याच्या खोल सुरकुत्या. मुलगी म्हणाली, पडदे बांधायला लागतात. बाईंनी एक पट्टी उचलली, मधला भाग अंगठ्याने चाचपला. तिथे कापड घामाने कडक झालं होतं. पडद्याला घाम येत नाही. त्यांनी पट्टी होती तशी परत ठेवली आणि सरळ बाहेर पडल्या. गाडी रस्त्याला लागल्यावर भाच्याला म्हणाल्या, "माणसं खाटेला बांधतात तिथे. पुसून टाक तुझ्या चांदण्या." भाच्याने गाडी कडेला घेतली आणि तक्ता घडी करून खणात टाकला. त्या दिवसापासून त्याने तक्ता काढला नाही. घरी परतल्यावर बाईंनी त्याच्याकडून जिल्ह्याच्या आरोग्य कचेरीला तक्रारीचं पत्र लिहून घेतलं आणि खाली डाव्या हाताने सही केली.

चौथ्या जागेला त्याने मुळात दोन चांदण्या दिल्या होत्या आणि त्याही दयेने. फाटकाचा रंग उडालेला, बाग म्हणावी तर एक कडुनिंब आणि त्याखाली तीन खुर्च्या. पण धुणं कुठे होतं विचारल्यावर तिथली सिस्टर म्हणाली, "मागे. जा ना. फक्त धुणेवाली बोलेल ते मनावर घेऊ नका."

मागे पत्र्याच्या छपराखाली दोन जुनी मशिनं धडधडत होती आणि एक जाडजूड बाई निळा कोट घालून कपडे वेगळे करत होती. तिने वर पाहिलं नाही. बघायचं तर बघा, म्हणाली, माझा हात रिकामा नाही. बाईंना हे फार आवडलं. काम करणारं माणूस असंच बोलतं, असं त्यांचं मत होतं. रात्रीच्या चादरी किती, हे त्यांनी विचारलं. "चौदा-पंधरा. परवा एकवीस होत्या," ती करवादली. भाच्याने तोंड वाकडं केलं. बाई मात्र पंधरा दिवसांत पहिल्यांदा हसल्या. एकवीस चादरी म्हणजे रात्री एकवीस वेळा कुणीतरी उठून चादर बदलली होती.

प्रत्येक कपड्याच्या आतल्या शिवणीला रंगीत दोऱ्याचे टाके होते. माणसागणिक रंग वेगळा. एक लोकरी टोपी मात्र सगळ्यांपासून वेगळी, एकटीच पिळून ठेवली होती. ती कुणा म्हाताऱ्या ट्रकड्रायव्हरची होती. तो ती झोपेतसुद्धा उतरवत नसे. त्याच्या आंघोळीची वीस मिनिटं तेवढी हिच्या हातात असत. त्यात टोपी धुवायची, तापल्या इस्त्रीखाली वाळवायची आणि त्याने डोक्याला हात लावायच्या आत परत डोक्यावर. त्याला सांगतेस का धुतली म्हणून, असं बाईंनी विचारलं. "कशाला सांगू? त्याचीच टोपी आहे. मी कोण भांडण लावणारी."

मग तिने एक मोठी चादर झटकली आणि सवयीने दुसरं टोक कुणी धरतंय का म्हणून पाहिलं. बाईंनी डाव्या हाताने ते पकडलं, प्लास्टरची कोपर लावून ताणलं. दोघी काही न बोलता पुढे आल्या, मागे गेल्या, कडेला कड लावली, पुन्हा पुढे आल्या. सहा चादरी झाल्या. सातवी उचलताना बाई म्हणाल्या, माझी बहीण सोमवारी येईल.

आणि इथे या शहाण्या बाईच्या हातून चूक झाली. जगात दुसऱ्या कुणाच्या हातून ती झाली नसती.

ताईला जाताना आपण काय द्यायचं, हा प्रश्न त्यांना पडला, आणि बाईंना देता येण्यासारखं एकच होतं. चार दिवस त्या एका हाताने धूत होत्या. ताईचे गाऊन, शाल, अभ्रे, गोधडी, उशीसुद्धा उसवून आतला कापूस उन्हात घातला. सोडा, उकळतं पाणी, वर हलकी खळ. भाच्याकडून इस्त्री करून घेतली आणि घड्या मोडून तीन वेळा पुन्हा घालायला लावल्या. तो बिचारा मेटाकुटीला आला. सोमवारी पेटी उघडली तेव्हा सिस्टरने तोंडात बोट घातलं. नव्या दुकानातसुद्धा असे कपडे नसतात, म्हणाली.

ताई त्या अंथरुणाला शिवेना. दुपारभर ती खोलीच्या कोपऱ्यात उभी राहिली. शाल अंगावर घातली की काढून टाके. बसवलं की उठे. "हे माझं नाही," ती म्हणत होती. "कुणाचं आहे हे? मला परक्याच्या अंथरुणात का घालताय?" धाकटी समोर उभी होती तरी ती दाराकडे पाहत होती. संध्याकाळ व्हायला आली. ताईचे पाय थरथरायला लागले, आणि बाईंना वाटलं, झालं. शेवटी आपण हिचं गाठोडंच केलं. आयुष्यात इतक्या खचलेल्या त्या कधी दिसल्या नव्हत्या. इतकं सगळं पाहून, पारखून, आपण दिलेला शब्द आपल्याच हाताने मोडला, असं त्या भाच्याला बोलूनही दाखवत होत्या.

धुणेवाली घड्यांची चळत घेऊन आत आली. तिने ताईकडे पाहिलं, मग उशी उचलून नाकाला लावली. मग गोधडी. मग शाल.

"किती वेळा धुतलंत?"

"दोनदा. एकदा उकळून."

"काम एक नंबर आहे. माझ्याच्याने व्हायचं नाही," ती म्हणाली. "पण यात तुमचं घर कुठे राहिलंय? हिने ओळखायचं कशावरून?"

परीटघडीबाईंनी शाल स्वतःच्या नाकाला लावून पाहिली. माणसाचा वास कापडातून काढण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती आणि त्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. ताईला स्वतःचं असं जे काही उरलं होतं, तेही त्यांनी प्रेमाने उकळून, पिळून, मोरीत सोडून दिलं होतं. घरी न धुतलेलं काही आहे का, धुणेवालीने विचारलं. नव्हतं. पडदेसुद्धा धुतले होते.

मग त्यांचं लक्ष स्वतःकडे गेलं. चार दिवस ताईचं धुण्याच्या नादात स्वतःचा स्वेटर त्यांनी अंगावरून काढलाच नव्हता. त्याच्यावर स्वयंपाकघर होतं, ताईला लावायचं गुडघ्याचं तेल होतं, भरवताना सांडलेलं दूध होतं. इतका मळका कपडा घालून त्या कधी घराबाहेर पडल्या नसत्या, आणि आज घाईत पडल्या होत्या. प्लास्टरवरून तो निघेना, तेव्हा धुणेवालीनेच बाही ओढून काढला. बाहेर गारठा होता. तिने आपला निळा कोट बाईंच्या खांद्यावर टाकला, बटणं लावली आणि चळत घेऊन निघून गेली.

ताईने स्वेटर हातात घेतला. उलटसुलट केला. मग त्यात तोंड खुपसून ती बराच वेळ तशीच उभी राहिली. नंतर आपल्या आपण खाटेशी आली, स्वेटर गालाखाली घेतला आणि कुशीवर झाली. बाईंनी तिच्या पायांवर गोधडी घातली.

ताईने डोळे किलकिले करून त्या निळ्या कोटाकडे पाहिलं.

"तुम्ही इथे कामाला का?"

बाईंनी गोधडीची कड सारखी केली. मग त्या म्हणाल्या, "हो."

"उद्या माझी धाकटी येईल. सगळं उलथंपालथं करून बघेल, तुम्हाला धारेवर धरेल. वाईट वाटून घेऊ नका. लहान होती तेव्हा आई गेली आमची. मीच वाढवलीय, जरा लाडावलीय." ताईने जांभई दिली. "तिला निरोप द्या, मी नीट झोपले म्हणून. नाहीतर ती जागीच राहते."

"देते," बाई म्हणाल्या.

फाटकाशी भाचा गाडीत वाट पाहत होता. निळ्या कोटातली मावशी त्याने आधी ओळखलीच नाही. ती शेजारी येऊन बसल्यावर त्याने हळूच विचारलं, आई झोपली का?

"झोपली," बाई म्हणाल्या. "तिने तसा निरोप दिलाय मला."