नाताळच्या फोटोला नेलेली खुर्ची

नाताळच्या फोटोची यादी मी आदल्या दिवशीच करून ठेवायची. भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरला फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहायला आलो त्या वर्षी शेजारच्या आंटींनी आमच्या मुलीला त्यांच्या दारात टांगलेल्या, आत दिवा असलेल्या कागदी चांदणीखाली उभं करून फोटो काढला, आणि तेव्हापासून नाताळ आमचाही सण झाला. आम्ही तिघं, जागा तीन, क्रम ठरलेला: आंटींची चांदणी, चर्चमधला येशूच्या जन्माचा गोठा, भंडाऱ्यात बेकरीसमोरचं कापूस लावलेलं नाताळचं झाड. वेळ संध्याकाळची, कारण दिवे तेव्हाच लागतात.

गेल्या वर्षी मी वेळ बदलली. माझ्या नवऱ्याचं डायलिसिस सुरू होतं आणि संध्याकाळचा गारठा त्यांना सोसत नव्हता. यादी अशी: दुपारी बारा, ऑटो सांगून ठेवणे, मफलर, गोळ्या, मोजून पाणी, घडीची खुर्ची. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, हृदयही थकलंय, फार पुढचं ठरवू नका. ते अर्थात यादीत नव्हतं. मला एवढंच हवं होतं की त्या वर्षीचे तिन्ही फोटो व्हावेत आणि त्यात ते नेहमीसारखे दिसावेत.

आंटींच्या दारात मी खुर्ची उघडली. वर चांदणी होती, न पेटलेली. दिवसा तिचा कागद फिका दिसतो आणि आतली वायर दिसते.

"खुर्ची काहून आनली वं?" ते म्हणाले.

"तुमच्यासाठीच. पाय दुखतात ना."

"आमच्या घरी खुर्चीवर कोनाले बसवतेत, मालूम आहे न तुले?"

मालूम होतं. लाखांदूरकडच्या त्यांच्या गावच्या घरी फोटो क्वचित निघायचा. घरातलं वडीलधारं माणूस खंगायला लागलं की सगळ्यांना अंगणात जमवायचं, त्या माणसाला मधोमध खुर्चीवर बसवायचं आणि फोटोवाला बोलवायचा. पुढे त्याच फोटोतून चेहरा कापून, मोठा करून हाराची तसबीर व्हायची. सासऱ्यांची तशीच झाली, सासूबाईंचीही. सासूबाईंच्या तसबिरीत खांद्यावर माझी दोन बोटं अजून दिसतात. हे सगळं ठाऊक असून यादी करताना एकदाही आठवलं नाही. पाय दुखतात म्हणून खुर्ची, इतकंच डोक्यात होतं.

"बाबा, असं काही नाही," मुलगी म्हणाली.

"तर मंग तुया आईले बसव. तिचेबी पाय दुखतेत."

मी बसले. ते मागे उभे राहिले, दोन्ही हातांनी खुर्चीची पाठ धरून. आंटी म्हणाल्या, "भाईसाब, थोडा मुस्कुराइए." ते हसले. खुर्ची माझ्या पाठीमागे थरथरत होती.

चर्चमध्येही तसंच. गोठ्यातलं गवत, मेंढ्या, बाळ, त्यापुढे खुर्चीवर मी. फोटो ऑटोवाल्याने काढला. परतताना पायरीवर त्यांचे गुडघे वाकले. मुलीने आणि ऑटोवाल्याने दोन्हीकडून धरलं. मी यादी पर्समध्ये टाकली आणि घरी जाऊ म्हटलं. ते म्हणाले, "तीन म्हनजे तीन."

बेकरीसमोर त्यांना उतरता आलं नाही. ऑटोतच बसून राहिले. पलीकडून झाड अर्धं दिसत होतं, कापूस धुळीने मळलेला. मी मुलीच्या कानात म्हटलं, "नुसता चेहरा घे. जवळून." तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान वळवून बेकरीच्या पाटीकडे बघत राहिले. खुर्ची खरंच बसण्यासाठी होती. हा फोटो मात्र ज्यासाठी होता त्यासाठीच होता.

ते तिच्या मोबाइलकडे पाहत होते. मग त्यांनी गळ्यातला मफलर सोडवला.

"थंडी वाजेल, बाबा."

"हारासंगं मफलर बरा नाही दिसत," ते म्हणाले. कॉलर सारखी केली, हाताने केस बसवले. "घे."

तिने एकच घेतला. आम्ही घरी निघालो. खुर्ची माझ्या पायांशी घडी करून ठेवली होती. प्रत्येक खड्ड्याला ती वाजायची. सांगायला हवं होतं काहीतरी. मी पाणी किती उरलं ते बघत होते.

दीड महिन्यात ते गेले. स्टुडिओवाल्याने विचारलं, "मॅडम, मागे ऑटो दिसतोय, काढून निळं करू का?" मी करा म्हटलं. चेहरा स्पष्ट आला आहे. हसू नाही, डोळे सरळ समोर. समोर मोबाइल होता, पण मला ते माझ्याकडेच पाहताना दिसतात. मी त्या वेळी पाटी वाचत होते.

या वर्षी आंटींनी चांदणी लावली आणि दारातून हाक मारली. मुलगी सुट्टीवर आली होती. "जायचं का?" तिने विचारलं. मी यादी केली नव्हती. संध्याकाळी चांदणी पेटली तेव्हा मी खिडकीचा पडदा ओढून घेतला. खिडकीसमोरच्या भिंतीवर त्यांची तसबीर आहे आणि तिच्या काचेवर चांदणीचा लाल उजेड पडतो.