नव्व्याण्णव कशाला पाहिजेत?

टाळीवाले सर शिकवताना कानांत बोटं घालून वर्गाबाहेर उभे राहायचे. नव्या मुलांना वाटे, आपल्या गोंगाटाला कंटाळले. तसे ते कंटाळलेलेच असत.

सोलापुरातल्या आमच्या कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवत. मेंदूचा धडा आला की प्रत्येकाने घरून टॉवेल आणायचा आणि डोळ्यांवर बांधायचा. आम्ही सगळे मेंदूतल्या पेशी. शिपाईकाका कुठल्यातरी कोपऱ्यात टाळी वाजवून बाकाखाली दडत. ज्याला मोठ्याने ऐकू आली त्याने हात उंच करायचा, ज्याला बारीक त्याने थोडासा. मग सर आत येऊन नुसत्या हातांवरून कोपरा ओळखणार. "एकट्या पेशीला काय बी कळत न्हाय. सगळ्यांचं थोडं थोडं एकत्र आलं, की मेंदूला कळतंय," ते अक्कलकोटी हेलात समजावत. निवृत्तीआधी एकदा तरी हे जमावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

जमणार कसं? टॉवेलखालून आमचे डोळे पहिल्या बाकावरच्या सुजाताकडे. ती वर्गात पहिली यायची. तिचा हात वर गेला की अख्ख्या वर्गाचे हात तेवढेच वर. सर ते हातांचं रान बघून भलताच कोपरा दाखवत आणि काका दुसरीकडूनच उठत.

"यप्पा, ही काय परीक्षा हाय का?" सर डस्टर टेबलावर आपटत. "तुला जेवढं ऐकू आलं तेवढंच सांग की. शंभर पेशींनी एकच बोलायचं असंल, तर नव्व्याण्णव कशाला पायजेत?"

एकदा मी अर्धाच हात वर केला, कारण मला तेवढंच ऐकू आलं होतं. सर माझ्याजवळ येऊन थांबले. "बरोबर हाय तुझं. पण एकटीनं काय व्हतंय," म्हणाले आणि फळा पुसायला लागले.

प्रयोग काही जमला नाही. सर तसेच निवृत्त झाले आणि गेल्या महिन्यात गेले.

कॉलेजच्या हॉलमध्ये शोकसभा होती. प्राचार्य म्हणाले, "मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व हरपलं." मग जो उठला तो मनमिळाऊच म्हणाला. माझा नुसता संताप होत होता. सर आणि मनमिळाऊ? शेवटी मी उठले. म्हणाले, "सर भयंकर तापट होते. डस्टर आपटायचे. मला फार आवडायचे." आता तरी प्रत्येकजण आपापलं सांगेल, असं वाटून खाली बसले.

पुढचे गृहस्थ उठले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम म्हणाल्या तसं, सर तापटच होते."

त्यांच्यानंतरचेही तेच म्हणाले. मग सुजाता उठली. तिनेही आधी माझ्याकडेच पाहिलं.