सोनाराच्या काट्यावर पॉपकॉर्न

डॉक्टरांनी मला वजन कमी करायला सांगितलं आणि उठता उठता म्हणाले, "फरसाण बंद करा. मधल्या वेळेला भूक लागलीच तर मूठभर लाह्या खात जा." त्यातलं 'बंद करा' आणि 'मूठभर' दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत मी विसरले. लाह्या तेवढ्या लक्षात राहिल्या. पॉपकॉर्न म्हणजे मक्याच्या लाह्याच की. शाळेत शिकवून घरी येताना मी रोज एक पाकीट आणू लागले.

परतूरला घरात मी आणि आई दोघीच. आई कुंभार पिंपळगावला अंगणवाडी सेविका होती. निवृत्त होऊन माझ्याकडे राहायला आली, पण लेकरांची वजनं करायची तिची सवय काही गेली नाही. कुणाचं लेकरू घरी आलं की ती त्याला काखेत धरून उचलते, जरा झुलवते आणि सांगते, "पावणेअकरा किलो. डाळ वाढवा." मला काही ती उचलू शकत नाही, म्हणून मी दारातून आत शिरताना ती नुसती बघायची.

तीन आठवड्यांनी ती म्हणाली, "तू डायट करून राह्यली ना?"

"हो."

"मंग ड्रेस कुशीत का उसवून राह्यला?"

मी तिला पाकिटाची मागची बाजू दाखवली. माझं पाकीट कॅरॅमलचं होतं, साखरेच्या पाकात घोळलेलं. दुकानातल्या सगळ्या पाकिटांत ऊर्जेचा आकडा त्याचाच लहान होता. साध्या खारट पॉपकॉर्नचा आकडा त्याच्यापुढं केवढा तरी मोठा. "बघ," मी म्हणाले, "गोडात कमी, खारटात जास्त. छापील आहे. मी बघून घेते, उगाच न्हाई."

आईनं पाकीट डोळ्यांजवळ नेऊन उलटसुलट करून बघितलं. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर सतरंजीवर पाच पाकिटं ओळीनं बसवलेली. साधं खारट, बटर, चीज, टोमॅटो आणि माझं कॅरॅमल. खिचडी वाढायच्या आधी लेकरं बसवतात तशी. आईच्या हातात भिंग, मांडीवर वही, वहीत रकाने: ऊर्जा, साखर, मेद, मीठ, प्रथिनं. इंग्रजी तिला जेमतेम येतं, पण आकडे बराबर कळतात.

"तुझ्या पाकिटावर हे बारीक काय लिहिलंय, वाच."

मी वाचलं. "एका वेळच्या खाण्यात."

"एक वेळचं खाणं म्हणजे किती?"

"पंधरा ग्रॅम."

"आणि या खारटाचा आकडा?"

मी खारटाचं पाकीट उलटलं. "शंभर ग्रॅममागं," म्हणाले, जरा हळूच.

"म्हणजे एकाचं माप चमच्यानं दिलं आणि दुसऱ्याचं पायलीनं. आणि तू मास्तरीण."

मला हे लागलं. मी म्हणाले, पॉपकॉर्न हलकं असतं, पंधरा ग्रॅममध्ये वाटीवर वाटी भरेल, शिवाय मी तेवढंच खाते. आई म्हणाली, मोजून बघू. आमच्या घरचा काटा गव्हा-ज्वारीचा, पंधरा ग्रॅमला तो जागचा हलत नाही. आईनं कॅरॅमलचं पाकीट पिशवीत टाकलं आणि पायात चप्पल घातली.

ती मला थेट सोनाराच्या दुकानात घेऊन गेली. हा सोनार मूळचा पिंपळगावचाच, लहानपणी आईच्या अंगणवाडीत होता. आता त्याला पोट आहे, मिशा आहेत, पण आईला बघितल्यावर तो गादीवर ताठ बसतो. समोर एक बाई लग्नाच्या लेकीला घेऊन गळ्यातली चेन बघत होत्या.

"बाई, बसा. काय दाखवू?"

"दाखवू नको, मोज." आईनं पाकीट फोडून पुढं केलं. मग त्याच्याकडं निरखून म्हणाली, "हात धुतले का?"

तो मुकाट्यानं उठला आणि मागं जाऊन हात धुऊन आला.

मग त्यानं चिमट्यानं एकेक दाणा काट्यावर ठेवायला सुरुवात केली. आम्ही चौघी वाकून बघत होतो. खडे मोजावेत तसं तो मोजत होता. अठरावा दाणा ठेवल्यावर काटा पंधराच्या जरा वर गेला, तेव्हा त्यानं तो उचलून मधोमध मोडला आणि अर्धा परत ठेवला.

"साडेसतरा, बाई."

चेनवाल्या बाईंनी पाकीट उलटसुलट करून विचारलं, "पाकिटात किती असतं?"

"दीडशे ग्रॅम," मी म्हणाले.

"मंग हे दहा जणांचं झालं. घरात किती जण?"

"दोघी."

"मी खात न्हाई," आई म्हणाली.

त्या बाई माझ्याकडं बघत राहिल्या. सोनारानंही बघितलं. उरलेला अर्धा दाणा मी तोंडात टाकला, कारण हातांचं काय करावं ते सुचेना.

एवढ्यात सोनारानं चेन काट्यावर ठेवली आणि त्या बाई एकदम सावध झाल्या. "आधी काटा पुसा. पाक लागलाय त्याला. साखरेचं वजन आम्ही सोन्यात धरणार न्हाई." त्यानं काटा पुसला. त्यांचं समाधान झालं नाही. ओल्या फडक्यानं पुसायला लावला, मग कोरड्यानं, मग लेकीनं बोट फिरवून चाखून बघितलं आणि म्हणाली, "अजून गोड लागून राह्यलंय." आम्ही निघालो तेव्हा तो तिसऱ्यांदा पुसत होता.

घरी येऊन आईनं सगळ्यांचे आकडे शंभर ग्रॅमवर आणले. मग टिकल्यांचं पाकीट काढलं. अंगणवाडीत लेकरांच्या वजनाचा तक्ता असायचा: हिरव्यात लेकरू ठीक, पिवळ्यात जपायचं, लाल म्हणजे काळजी. तसंच तिनं केलं. खारटाला हिरवी टिकली, बटर आणि चीजला पिवळी, टोमॅटोला मिठामुळं लाल. कॅरॅमलला लाल टिकल्या दोन. "हे दवाखान्यात पाठवायचं लेकरू," म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून घरच्या लाह्या सुरू झाल्या. मक्याचे दाणे, चमचाभर तेल, चिमूटभर मीठ, वर झाकण. मला एक वाटी मिळायची आणि परत मागितली की ती भिंग उचलायची.

आठवडाभरानं मी शाळेतून लवकर आले. आई खिडकीत बसून दोन लाल टिकल्या लावलेलं कॅरॅमलचं पाकीट संपवत होती. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "लाल श्रेणीतल्या लेकराकडं जास्त लक्ष द्यावं लागतं."

दोन महिन्यांत माझं वजन दीड किलो उतरलं. आईनं ते मान्य केलं नाही. तिनं मला दवाखान्यातच काट्यावरून उतरवलं, हातातली पर्स काढून घेतली, मोबाईल घेतला आणि परत उभं केलं. आता दोन किलो उतरलेलं निघालं. तेव्हा कुठं तिनं वहीत आकडा लिहिला.