तिसऱ्या घरचा पेपर

आमच्या मजल्यावर तीन घरं आहेत आणि तिन्ही घरांत मिळून एकच वर्तमानपत्र येतं. ही कल्पना माझी नाही. काटकसरीची कुठलीच चांगली कल्पना माझी नसते. त्या सगळ्या समोरच्या दाराआडून निघतात.

मी शालेय पुस्तकं छापणाऱ्या एका कंपनीत मुद्रितं तपासतो. दोन वर्षांपूर्वी कंपनीने मुलुंडचं ऑफिस बंद केलं, आम्हाला घरून काम करायला सांगितलं आणि पगार निम्म्यावर आणला. तसं कळवणाऱ्या पत्रात आमचा उल्लेख ‘नव्या वाटचालीतील सहप्रवासी’ असा होता. मला त्या पत्रात तीन चुका सापडल्या. चौथी पगाराची, पण ती दुरुस्त करणं माझ्या हातात नव्हतं.

त्याच आठवड्यात बायको समोर जाऊन सल्ला घेऊन आली. मला न विचारता. समोरचा माझ्याच वयाचा, एका कारखान्याच्या स्टोअर्समधून लवकर निवृत्त झालेला. त्याचे वडील गिरणी कामगार. गिरणी बंद पडली तेव्हा हा बारा वर्षांचा होता, आणि सहा माणसांचं घर आईने कसं रेटलं ते त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. माझे वडील सरकारी कारकून. महागाई भत्ता लांबला की ते दोन दिवस गप्प राहत, एवढीच आमच्या घराण्याची हलाखी. गरिबीतही सेवाज्येष्ठता असते हे मला तेव्हा कळलं. त्या यादीत मी फार खाली होतो.

त्याच्या युक्त्या आमच्या घरात एकेक करून शिरल्या. डाळ रात्री भिजवायची, म्हणजे कुकरच्या दोन शिट्ट्या वाचतात. भाजी संध्याकाळी उशिरा घ्यायची, भाजीवाली टोपली आवरायला लागली की. गव्हाची गोणी तिघांनी मिळून आणायची. स्टेशनपर्यंत रिक्षा नाही, चालत. मी चालत होतोच, पण आधी ती माझी आवड होती, आता ती त्याची योजना झाली. वरणात मीठ कमी पडलं तरी मला शंका यायची की हेही समोरून सुचवलं गेलं असणार.

“भाऊजी म्हणतात,” असं बायको सुरू करायची, आणि मी पुढचं वाक्य मनातल्या मनात तपासायला घ्यायचो. त्यात चूक नसायची. तोच त्रास होता.

गेल्या माघात सोसायटीच्या सत्यनारायणाला त्याचा सत्कार ठरला. काटकसरीबद्दल शाल द्यायची म्हणजे उपासाबद्दल जेवण घालण्यासारखं, असं एक वाक्य मी तयार ठेवलं होतं. अध्यक्षांनी ‘आपल्या इमारतीचे अर्थमंत्री’ म्हणून वीस मिनिटं भाषण केलं. मग तो उठला, शाल हातात घेतली आणि सरळ वॉचमनच्या खांद्यावर टाकली. म्हणाला, “थंडी यालाच वाजते. मला नारळ द्या, उद्या सोलकढी होईल.” सगळे हसले, बायकोही हसली. माझं वाक्य तसंच राहिलं, अजून आहे. थाटामाटाला हसायची मक्तेदारी तेवढी माझी होती, तीही गेली.

पण खरं दुखणं पेपरचं.

लग्नाला सव्वीस वर्षं झाली. तेवढीच वर्षं सकाळच्या दुसऱ्या चहाबरोबर आम्ही शब्दकोडं सोडवत आलो. मी सूत्र वाचायचो, ती ओट्याजवळून उत्तर द्यायची, मी लिहायचो. मुलगी लहान असताना, माझं ऑफिस असताना, आमची भांडणं चालू असतानासुद्धा. भांडणात उत्तरं जरा मोठ्या आवाजात यायची इतकंच. पगार निम्मा झाल्यावर पेपर बंद करायची वेळ आली तेव्हा समोरच्याने तोडगा काढला. पेपर एक, घरं तीन, रद्दी पाळीपाळीने. तो पहाटे फिरून येताना गेटवरून पेपर वर आणणार, म्हणून पहिला तो. मधल्या घरातल्या बाई बँकेत, त्यांना निघायची घाई, म्हणून दुसऱ्या त्या. मी घरीच, म्हणून तिसरा.

पहिल्याच दिवशी कोडं भरून आलं. निळ्या पेनाने, ठसठशीत अक्षरात, खाडाखोड न करता. मी पेपर उलटा करून ठेवला. बायकोने तो सुलटा केला, वाचला आणि म्हणाली, “बरंच येतं की यांना.”

पुढच्या आठवड्यापासून मला एक समाधान सापडलं. उजवीकडचा खालचा कोपरा रिकामा राहू लागला. रोज चार-पाच शब्द. तिथे त्याची दमछाक होते, असं मी ठरवलं. बायको पेन घेऊन तो कोपरा भरायची आणि मी शेजारी बसून त्याचा पराभव चघळायचो. एकदा ‘धान्य साठवायची बांबूची कोठी’ हे सूत्रसुद्धा त्याने सोडलं होतं. दर मे महिन्यात कोकणात जाऊन येणाऱ्या माणसाला कणगी येऊ नये? मी दिवसभर खूश होतो. त्या आनंदात मला एवढंही सुचलं नाही की कणगी न येणारा कोकणी माणूस जन्मालाच यायचा आहे.

समाधानाची भूक मात्र वाढते. नुसता त्याचा कोपरा रिकामा असून मला पुरेना. अख्खं कोडं सोडवणारं कुणीतरी याच इमारतीत आहे हे त्याला कळायला हवं होतं. म्हणून एका सकाळी साडेपाचला मी खाली उतरलो. वॉचमनच्या टेबलावर पेपर पडला होता. बागेतल्या बाकावर बसून मी पूर्ण कोडं भरलं, उजवा कोपरासुद्धा. अक्षर मुद्दाम बदललं. पेपर होता तसा घडी घालून ठेवला आणि समोरचा फिरून यायच्या आत वर येऊन पांघरूण घेतलं.

साडेनऊला पेपर आमच्याकडे आला. बायकोने चहाचे कप ठेवले, पेन घेतलं, पान उघडलं आणि थांबली. मग तिने पेन टोपण लावून बाजूला ठेवलं.

“हे तू भरलंयस.”

मी म्हटलं, मी कशाला, मी तर झोपलो होतो. तिने पान माझ्याकडे फिरवलं. आडव्या सातव्या सूत्रात एक शब्द चुकून दोनदा छापला होता. मी तो खोडला होता आणि समासात शब्द गाळायची खूण केली होती. तीस वर्षं जी करतोय ती. अक्षर बदलता येतं, हात नाही.

ती चिडली नाही. चिडली असती तर सोपं गेलं असतं. “ते निदान कोपरा ठेवायचे माझ्यासाठी,” ती म्हणाली.

मग हळूहळू कळलं ते असं. पहिल्या आठवड्यात जिन्यात भेटल्यावर तिने त्याला हसत सांगितलं होतं, भाऊजी, सगळंच काय भरता, चार शब्द ठेवत जा. तेव्हापासून तो ठेवत होता. येत असलेले. कणगीसकट.

“मला सांगायचंस ना,” मी म्हटलं.

“तुला काय सांगू? हा कोपरा मिळेपर्यंत चोवीस वर्षं पेन तुझ्याच हातात होतं. कधी म्हणालास, घे, तू लिही?”

मी पेपरची घडी घातली आणि चहाचे कप उचलले.

आता मत्सर संपला असं लिहिलं तर छान दिसेल, पण तसं झालं नाही. उलट वाढला. आतापर्यंत मी त्याच्या गव्हाच्या गोणीवर जळत होतो, आता या चार रिकाम्या शब्दांवर जळायला लागलो. स्वतःला येणारं उत्तर न लिहिता पुढच्या घरी पाठवायचं ही काटकसर मला कुणी शिकवली नव्हती, आणि आपल्याला न सुचलेली गोष्ट दुसऱ्याला सुचावी याचा राग फार खोल असतो.

दुसऱ्या दिवशी पेपर आला तेव्हा उजव्या कोपऱ्याबरोबर डावा कोपराही रिकामा होता. समासातली खूण बघून की वॉचमनला विचारून, गेटवरची माझी करामत त्याने बरोबर ओळखली होती. चार शब्द तिचे, चार बहुधा माझे. एक अक्षर न बोलता त्याने माझीही सोय केली होती. मी दात आवळून चहा प्यायलो.

मग पेन बायकोकडे सरकवलं. तिने ते घेतलं आणि म्हणाली, “वाच.”

मी वाचू लागलो. ती लिहीत गेली. तिचं अक्षर माझ्याहून बारीक आहे, चौकोनात नीट मावतं. वरच्या ओळीत समोरच्याने एक शब्द चुकवला होता. मला पहिल्या नजरेतच दिसला होता. मी तीनदा बघितलं, खात्री केली आणि गप्प राहिलो. आयुष्यात पहिल्यांदाच एखादी चूक मी न दाखवता सोडत होतो, आणि त्याबद्दल स्वतःला थोडा मानही देत होतो.

“काय चुकलंय त्यांचं?” मान वर न करता तिने विचारलं.

“कुठे काय.”

“तुझा चेहरा सांगतोय. आडवं की उभं?”

“उभं. बारा,” मी म्हणालो.

तिने बघितलं, ओठ मुडपून हसली, आणि चूक तशीच ठेवून पुढचं सूत्र वाचायला सांगितलं.