मोकळी सोडलेली बाजू

निपाणीच्या स्टँडमागं एक फोटोवाले होते. नाव मी विचारलं नाही. परक्या माणसाशी बोलणं मला जमत नाही. बेंगळूरला दिलेल्या लेकीनं माझा एकटीचा फोटो मागितला होता, म्हणून गेले.

ते दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करून तिच्यातून बघायचे, मान हलवायचे आणि पुन्हा माझं स्टूल सरकवायचे. शेवटी मला पार कडेला बसवलं.

"आक्का, माझ्याकडं न्हाय, तकडं खिडकीकडं बघा."

मग फोटो दाखवला. त्याची अर्धी बाजू रिकामी होती. आमच्याकडं वारलेल्या माणसाचा जुना फोटो असाच शेजारी जोडून देतात.

"मालकांचा फोटो न्हाय हो माझ्याजवळ. त्यांनी कधी काढूनच घेतला न्हाय."

ते हसले नाहीत. "जोडायची जागा न्हवं ती, आक्का. माणूस जकडं बघतंय तकडं जागा सोडाय लागती. न्हायतर नजर कडंला जाऊन धडकती."

मालक गेल्यापासून शेजारची जागा मी त्यांचीच धरून चालले होते. मलाही पुढं बघायला जागा लागते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

फोटो पोचल्यावर लेकीचा फोन आला. "आई, अर्धा रिकामाच हाय की गं! तेवढा कापून टाकू काय?"

"कापू नगंस," मी म्हटलं. "मी तकडं बघतीया."