जॅकेट, गरम, पुरुषांचं : एक

ऑक्टोबरच्या भर दुपारी बोरीवली स्टेशनवर, बाहेरगावच्या गाडीची वाट बघत, मी कापूस भरलेलं जाड जॅकेट घालून उभी होते. हौस नव्हती. ट्रंकेत ते मावत नव्हतं, होल्डॉलमध्ये घातलं तर पट्टे लागत नव्हते आणि हातात धरलं तर दुसरं काही धरता येत नव्हतं. म्हणून अंगावर. पाठीवरून घामाच्या धारा चालल्या होत्या. येणारे-जाणारे वळून बघत होते. एक बाई आपल्या नवऱ्याला हळूच म्हणाली, ताप असेल बिचारीला.

बाबा ट्रंकेवर बसले होते. धाकटा भाऊ सुधीर पाण्याची बाटली भरायला गेला होता. आईही आली होती, पण आमच्यापासून वीसेक पावलं लांब उभी होती, जणू दुसऱ्याच कुणाला पोचवायला आल्यासारखी. गाडी हलली तेव्हा तिने हात केला नाही. पदर खांद्यावरून ओढून घेतला, एवढंच. मी दारात उभी राहून ती दिसेनाशी होईपर्यंत बघितलं आणि मनाशी एक गोष्ट पक्की केली. थंडीला भिऊन परत यायचं नाही.

तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. पॉलिटेक्निकमधून सिव्हिलचा डिप्लोमा करून अंधेरीच्या एका बांधकाम कंपनीच्या लॅबमध्ये लागले होते. काम काँक्रीट तपासण्याचं. देशभरातल्या साईटवरून सहा इंची ठोकळे पेट्यांतून यायचे. ते मशीनखाली दाबायचे, कितीला फुटले ते लिहायचं, तुकडे मागच्या अंगणात टाकायचे. दोन वर्षं मी धरणांचे, पुलांचे, बोगद्यांचे ठोकळे फोडले. धरण मात्र एकही पाहिलं नव्हतं.

हिमाचलमधल्या साईटवर लॅबसाठी माणूस हवाय अशी नोटीस लागली तेव्हा मी अर्ज दिला. साहेब भले होते. त्यांनी मला बसवून समजावलं की तिथे लेडीजची काही सोय नाही, नोव्हेंबरपासून बर्फ पडतं, आदल्या वर्षी गेलेला मुलगा तीन आठवड्यांत न्यूमोनिया होऊन परत आला. मी म्हटलं, मला चालेल. त्यांनी आठ दिवस विचार केला आणि एका अटीवर होकार दिला. एक हिवाळा बघायचा. आजारी पडलीस किंवा काम अडलं, तर अंधेरीला परत, आणि पुन्हा साईटचं नाव काढायचं नाही.

ऑर्डरसोबत बरोबर आणायच्या सामानाची यादी टाईप केलेली होती. ती अर्थात पुरुषांसाठी होती, कारण तोवर दुसरं कुणी गेलंच नव्हतं. दाढीचं सामान, लोकरी पायमोजे चार जोड, आणि पहिल्याच ओळीत, ‘जॅकेट, गरम, पॅडेड, जेंट्स : एक’. मी हेड क्लार्कना विचारलं, लेडीजसाठी काय आणू. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, बाई, जेंट्सचंच घ्या, थंडीला काय कळतंय.

आता बोरीवलीत गरम जॅकेट कुठे मिळतं? आमच्याकडे थंडी म्हणजे जानेवारीत नॅशनल पार्कच्या बाजूने पहाटे गार वारं येतं आणि म्हातारी माणसं कानाला मफलर गुंडाळतात, तेवढीच. सुधीरने पार्ल्याच्या एका मोठ्या दुकानातून जॅकेट आणलं. लाल-निळं, चकचकीत नायलॉनचं, आत स्पंज. दोन दिवसांत परत केलं तर चालेल असं ठरवून. मी ते घातलं तेव्हा तो म्हणाला, झकास दिसतेस यार. दिसत होतेच. मी आरशापुढून हलेना.

बाबांनी नुसती बाही चिमटीत धरून बघितली आणि सोडून दिली.

माझे बाबा सोळाव्या वर्षी मालवणहून बोटीने मुंबईला आले. लालबागला राहून गिरणीत सव्वीस वर्षं साच्यावर, म्हणजे मागावर, उभे राहिले. संपानंतर गिरणी उघडली नाही, तेव्हा खोली सोडून आम्ही बोरीवलीच्या दोन खोल्यांत आलो आणि बाबा वर्सोव्याच्या बाजूला, मासळी गोठवून ठेवतात त्या कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला लागले. बाहेर अंगाची लाही होत असायची आणि ते दिवसभर उणे अठरा डिग्रीत कोळंबीची खोकी लावायचे. अख्ख्या ओळखीपाळखीत थंडी म्हणजे काय हे ठाऊक असलेला हाच एक माणूस, आणि त्याला विचारायचं मला सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवताना तेच म्हणाले, रविवारी माझ्याबरोबर चल, जॅकेट घेऊन. मग खालच्या मजल्यावरच्या पेडणेकर काकांकडून त्यांनी आणखी एक मागून आणलं. काका बोटीवर होते. त्यांचं जॅकेट कुठल्याशा थंड बंदरात घेतलेलं, वजनाने गादीएवढं. आणि तिसरं बाबांनी जोगेश्वरीच्या शिंप्याकडून आणलं, जो कोल्ड स्टोरेजच्या कामगारांसाठी शिवायचा. मळकट करडा रंग, आत कापूस, वरून गोधडीसारखे टाके. मनगटाला विणलेली पट्टी, चेनवर झाकणारी कापडाची पट्टी. ते बघून सुधीर हसला होता.

आई या सगळ्यात नव्हती. मुलुंडचं एक स्थळ आलेलं, मुलगा बँकेत. त्या लोकांना मी एक वर्ष थांबा म्हणून सांगितलं आणि ते थांबणार नव्हते. करडं जॅकेट घरात आलं त्या संध्याकाळी तिने ते खुंटीवर लावू दिलं नाही.

“बाप्यांचो कपडो घालून बाप्यांत जावन रवतलंस,” ती म्हणाली. “लोकांनी इचारल्यानी तर मी काय सांगू?”

जॅकेट मी बाहेर गॅलरीत दोरीवर टाकलं. त्यानंतर निघेपर्यंतचे दहा-बारा दिवस ती माझ्याशी जेवायला बस आणि दिवा घालव एवढंच बोलली.

रविवारी कोल्ड स्टोरेजच्या सुपरवायझरने आम्हाला आत सोडलं. बाबांनी मला गमबूट दिले, कानाला फडकं बांधलं, आणि हातात पेन्सिल आणि कागद दिला. मला वाटलं होतं, नुसतं उभं राहायचं.

“नुसता उभ्या रवान काय समजाचा नाय,” बाबा म्हणाले. “हात चलाक व्हये. खोक्यांचे नंबर लिव.”

दार मागे बंद झालं आणि माझ्या नाकातली हवा टोचायला लागली. प्रत्येक जॅकेट पंधरा मिनिटं, मध्ये बाहेर उन्हात बसायचं, असं ठरलं होतं. लाल-निळं जॅकेट पाच मिनिटांतच कडक झालं, हात हलवला की पापडासारखं वाजायला लागलं. जिथे जिथे शिवण होती तिथून थंडी आत आली, सुरी फिरवल्यासारखी. पंधरा मिनिटं मी जिद्दीने काढली, पण बाहेर आल्यावर कागदावरचे आकडे माझे मलाच वाचता येईनात.

काकांचं जॅकेट भट्टीसारखं गरम होतं. पण बाह्या बोटांच्या खाली येत होत्या. लिहायला म्हणून त्या दुमडल्या की मनगटातून गारठा थेट कोपरापर्यंत चढायचा. शिवाय त्या ओझ्याखाली वाकून खालच्या खोक्याचा नंबर बघणंही जमेना. साईटवर मला काँक्रीटचे साचे उचलायचे होते.

करडं जॅकेट घालून आत गेले तेव्हा मी आधीच दमले होते. पहिली काही मिनिटं ते गरमही वाटलं नाही. मग हळूहळू लक्षात आलं की मी थंडीचा विचार करायची थांबले आहे आणि नंबर लिहितेय. बेचाळीस नंबर लिहिले. बाहेर आल्यावर कागद बाबांपुढे धरला. ते काही सांगतील म्हणून मी थांबले, पण ते माझ्याच तोंडाकडे बघत होते.

“हेच,” मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. जोगेश्वरीला शिंप्याकडे गेलो तेव्हा तो म्हणाला, याच्यात सर्वांत लहान साईज पुरुषांचं अडतीस, ताईंना ढगळ होतंय, कमरेत आत घेऊन देतो, जरा लेडीजसारखं दिसेल. मोह झाला. बाबांनी एवढंच सांगितलं की आत दोन स्वेटर जायला हवेत आणि मध्ये हवाही राहायला हवी, ती हवाच माणसाला गरम ठेवते. मग आत घेऊ नका म्हणून मी शिंप्याला सांगितलं.

परतताना बाबा सहसा बोलत नसत ते बोलले. मालवणहून निघाले तेव्हा त्यांच्याकडे एक सदरा आणि एक घोंगडी होती. “माका कोणी इचारूक नाय, जातंस काय म्हणान,” ते म्हणाले. “धाडल्यानी. तू आपल्या मनान चल्लंस. तुझी गोष्ट येगळी आसा.” ती वेगळी म्हणजे बरी की वाईट, हे त्यांनी सांगितलं नाही.

हे मी लिहितेय ते बोरीवलीत राहिलेल्या तुम्हा भाचरांसाठी, आणि जे माझ्यासारखे निघून गेले त्यांच्यासाठीही. तुम्ही आता दोन बोटांनी फोनवर कुठलंही जॅकेट मागवता, दोन दिवसांत दारात येतं. चांगलंच आहे. मला फक्त एवढं सांगायचंय की त्या काळी कुठे जायचं तर तिथल्या हवेची खात्री आपल्याच अंगावर करून घ्यावी लागायची.

साईट नदीकाठी होती, दोन्ही बाजूंना उभे डोंगर. मला पत्र्याच्या क्वार्टरमध्ये एक खोली मिळाली, तिच्यात एक बुखारी. पत्र्याची ही शेगडी पेटवायला मला महिना लागला. भाताची जागा राजम्याने आणि रोटीने घेतली, गोधडीची रजाईने. मासळीची आठवण आली की मी दुसरं काही तरी काम काढायची. पाठमोरी बघून मजूर मला भाईजी म्हणून हाक मारायचे, आणि मी वळले की लाजून गप्प व्हायचे.

डिसेंबरात भिंतीचं काम चालू होतं. एके सकाळी मी मिक्सरमधून आलेल्या काँक्रीटमध्ये थर्मामीटर घातला. चार डिग्री. पाचच्या खाली गेलं की ओतायचं नाही असा नियम होता, कारण आतलं पाणी गोठलं तर भिंत पुढे ठिसूळ होते. पाणी तापवायच्या पिंपाखालची लाकडं ओली होती, म्हणून पाणी कोमटसुद्धा झालं नव्हतं. मी माल परत पाठवला. शिफ्टचे इंजिनियर चिडले. चाळीस माणसं थांबलीत, ते म्हणाले, एका डिग्रीने काय होतंय, तुम्ही खोलीत जा, थंडी वाजत असेल. मी सांगितलं की मला थंडी वाजत नाहीये, आणि पाणी तापेपर्यंत मी इथून हलणार नाही.

अडीच तास मी भिंतीवर उभी होते. वारा नदीवरून यायचा तो दातांत शिरायचा. थंडीने कापणारे माझे हात दिसले असते तर त्यांनी मला हाताला धरून खाली नेलं असतं आणि ऑफिसला तसं कळवलंही असतं. पण हात ठीक होते. दर पंधरा मिनिटांनी मी आकडा वहीत लिहीत होते आणि त्यांना दाखवत होते. नऊ डिग्री झाल्यावर मी सही केली. इंजिनियर माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः वाळकी लाकडं ठेवायला छप्पर बांधून घेतलं. हिवाळा संपला तेव्हा अंधेरीहून साहेबांचं पत्र आलं : तिथेच राहावे.

चौदा महिन्यांनी रजेवर बोरीवलीला आले. आई बोलत होती, पण जपून. मुलुंडच्या मुलाचं लग्न झाल्याचं तिने सांगितलं नाही, सुधीरकडून कळलं. रोज बांगडा, सुरमई, तिसऱ्या, एकेक करून तिने मला सगळं खायला घातलं. साईटबद्दल मात्र एक प्रश्न नाही. बाबा विचारायचे, तेव्हा ती ओट्याशी उभी राहून ऐकायची. भिंतीवरच्या त्या सकाळचं मी सांगितलं तेव्हा तिच्या हातातली खवणी थांबलेली मला दिसली.

निघायच्या दोन दिवस आधी पेडणेकर काकी आल्या. मी आतल्या खोलीत बॅग भरत होते. काकींनी आईला विचारलं, मुलगी आता कायमची आली ना घरी, की परत जायचंय? मी हातातला कपडा तसाच धरून थांबले. वर्षभरापूर्वी ज्या प्रश्नाला आई भीत होती, तोच हा प्रश्न होता.

“नाय गो,” आई म्हणाली. “म्हायेरपणाक इल्लां. सोमवारी जातलां आपल्या घराक.”

लग्न न झालेल्या मुलीला कसलं माहेरपण, हे काकींच्या मनात आलंच असणार. आईने पुढे काही समजावलं नाही. चहा ठेवते म्हणून ती आत वळली, आणि दारातून माझ्याकडे बघून, काकींना ऐकू जाईल अशा आवाजात, तिकडे घरी लोणचं किती दिवस टिकतं म्हणून विचारलं. मी म्हटलं, थंडी आहे, वर्षभर टिकेल. मग मोठी बरणी ने, ती म्हणाली.

त्याला आता पस्तीसेक वर्षं झाली. आई-बाबा दोघंही नाहीत. मी पुढे तीन धरणांवर काम केलं, याच डोंगरांत लग्न केलं, इथेच निवृत्त झाले. माझ्या बोलण्यात आता निम्मी हिंदी आलीय आणि मालवणी फक्त स्वतःशी बोलताना येते. लोक विचारतात, तुम्हाला घरची आठवण येत नाही का? माहेरची येते, असं मी सांगते. सासर नसताना मुलीला माहेर असू शकतं, हे आमच्या बिल्डिंगीत पहिल्यांदा माझ्या आईने ठरवलं, आणि ते तिने एका वाक्यात, शेजारणीसमोर ठरवलं. तेव्हापासून बोरीवली माझं माहेर आणि हे माझं घर. मला त्यात कधी गोंधळ झाला नाही.